पाटकऱ्याची भिंत

रोम कशाने बुडालं यावर आमच्या गल्लीत सध्या शहाण्यांचं पेव फुटलंय. धर्मगुरू म्हणतात, पापामुळे. चोरून जुन्या देवांपुढे दिवा लावणारा म्हातारा लेओपार्दुस म्हणतो, जुने देव सोडल्यामुळे. पूर्वेच्या सम्राटाचे ग्रीक सैनिक उत्तरेकडून आलेल्या गॉथ टोळ्यांकडे बोट दाखवतात, आणि गॉथ इथे होते तेव्हा ते ग्रीकांकडे दाखवत. एके काळी इजिप्तचा गहू आमच्या भट्ट्यांत भाजला जात होता, पर्शियाच्या राजालाही आमचा धाक होता, हे मात्र सगळे एका सुरात सांगतात. मेलेल्या म्हशीला मणभर दूध! मला कोणी विचारत नाही. विचारलं असतं तर मी त्यांना हाताला धरून वेशीपाशी नेलं असतं आणि माझ्या भावाची भिंत दाखवली असती.

माझा धाकटा भाऊ स्तेर्कोरियुस. नावाचा अर्थ उकिरड्यावरचा. आमची आई फार भाविक, देवापुढे मान खाली असावी म्हणून तिने ते ठेवलं. आम्ही सगळे त्याला स्तेर्को म्हणत असू. तो पाटकरी होता. डोंगरातलं पाणी कमानींवरच्या दगडी पाटातून शहरात येतं, म्हणजे यायचं, त्या पाटाचा राखणदार. आमचा बाप पाटकरी, आजाही पाटकरी. मी विधवा झाल्यावर बायकांच्या हमामखान्यात लागले. तेल द्यायचं, अंग घासायच्या पट्ट्या द्यायच्या, कपडे सांभाळायचे. म्हणजे पाणी तो आणायचा आणि त्यावर पोट माझंही भरायचं.

पाटकऱ्याचं काम दिसत नाही, हेच त्याचं दुर्दैव. डोंगरातल्या पाण्यात चुना असतो. तो पाटाच्या अंगाला थरावर थर बसत जातो, आणि खरवडला नाही तर पाट आतून मिटत जातो. स्तेर्को उन्हाळाभर पाटात वाकून तो थर छिन्नीने काढत असायचा. घरी यायचा तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा पांढरा. "ताई, आज बघ, केवढा काढला," म्हणत ओंजळभर खपल्या माझ्या चुलीशी आणून टाकायचा. मी ओरडायचे, "अरे, घर आहे का गोदाम?" तो हसायचा. थर काढता काढता त्याला भोकंही सापडत. श्रीमंतांनी पाटाला चोरून बसवलेल्या शिशाच्या नळ्या! सगळ्यात जाड नळी सिनेटर कास्तोरियुसची होती. वेशीबाहेरच्या बागेतली त्याची कारंजी त्या पाण्यावर उडत आणि इकडे आमच्या हौदावर बायका घागरींवरून भांडत. स्तेर्कोने ती नळी काढून भोक बुजवलं. पाटकऱ्याने करायचं ते केलं, बस्स. पण कास्तोरियुसने ते मनात ठेवलं.

मग सम्राटाच्या ग्रीक सैन्याने गॉथांकडून शहर घेतलं, आणि ते परत मिळवायला गॉथांनी वेढा घातला. पहिलं काम काय केलं, तर बाहेरच्या कमानी फोडल्या. पाट कोरडे पडले. माझा हमामखाना बंद, नदीपलीकडच्या, पाण्यावर फिरणाऱ्या पिठाच्या चक्क्या बंद. आता सम्राटाच्या सेनापतीला वेगळीच काळजी लागली. त्याने स्वतः नेपल्स घेतलं होतं ते असंच, कोरड्या पाटातून माणसं सरपटत आत घुसवून. आपण केलं ते दुसराही करील, हे त्याला न कळायला काय झालं? हुकूम निघाला: सगळे पाट वेशीपाशी भिंत घालून बंद करा.

आमचा पाट वेशीपाशी जमिनीलगत येतो; त्याचं तोंड बुजवायचं काम स्तेर्कोकडेच आलं. ज्याने जन्मभर पाट मोकळा ठेवला त्यालाच तो बंद करायला सांगितला. तो थापी घेऊन गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा हात धूत नव्हता, नुसता हातांकडे बघत होता.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"काही नाही. वेढा उठला की फोडायची आहे म्हणून चुन्यात नदीची वाळू घातली," तो म्हणाला. "छिन्नी लावली की सुटत जाईल."

"आणि गॉथ आले तर?"

"जाडी दुप्पट केलीय, ताई. आत यायला त्यांना दिवसभर ठोकत बसावं लागेल, आणि वर पहारा आहे. तेवढा कळतो मला पाट."

आमच्याकडे हे कुठल्याही गवंड्याला माहीत असतं. चुन्यात साधी वाळू घातली तर बांधकाम फोडता येतं. चुन्यात पुतेओली गावची राखाडी माती घातली तर ते पाण्याखालीही धरतं, आणि पाणी जितकं मुरेल तितकं कडक होतं. बंदरांचे धक्के त्याच मातीवर उभे आहेत. पाणी परत येणार याची त्याला खात्री होती, म्हणून त्याने वाळू वापरली. त्या वेढ्यात सगळे उद्याच्या भाकरीचं बघत होते, हा एकटा पाण्याचं बघत होता. आणि तेच त्याला भोवलं.

भिंत कच्ची आहे ही कुजबुज कोणी केली ते सांगायला नकोच. कास्तोरियुस! गॉथ राजाच्या पंगतीत बसून दात कोरलेला हा माणूस आता ग्रीकांपुढे निष्ठा मिरवत होता. वेशीपाशी भर दुपारी चौकशी बसली. ग्रीक सरदार थेओक्तिस्तोस स्टुलावर, शेजारी दुभाषा, आणि कास्तोरियुस पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. त्याच्या घरी धुण्यापुरतं पाणी कुठून येत होतं, देव जाणे. मी गर्दीत पुढे उभी होते.

"या माणसाने शत्रूसाठी दार ठेवलंय," कास्तोरियुस म्हणाला. "ही पहा वाळू. बोटाने सुटते."

सरदाराने दुभाष्यामार्फत विचारलं, "भिंत कच्ची का बांधली?"

"परत उघडायची आहे म्हणून," स्तेर्को म्हणाला.

"कोणासाठी?"

"पाण्यासाठी, मालक."

लोक हसले. आमचेच लोक, ज्यांच्या हौदात त्याने पाणी आणलं होतं ते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "अहो, पाटाला भोक या सिनेटरसाहेबांनी पाडलं होतं! बापाच्या वेळेपासून! ते बुजवलं म्हणून हे चाललंय. चोराच्या उलट्या बोंबा!"

कास्तोरियुस माझ्याकडे न बघता म्हणाला, "हमामखान्यातली बाई आहे. पाणी गेल्यापासून तिचं डोकं तापलंय."

पुन्हा हशा पिकला. दुभाष्याने माझं बोलणं ग्रीकात सांगितलंच नाही. मला ग्रीक येत नाही, पण त्याचं तोंड बंद होतं, तेवढं दिसत होतं.

सरदार काही दुष्ट नव्हता, त्याला घाई होती. त्याने निकाल दिला: या वेळी फाशी माफ. ही भिंत याच माणसाने पाडावी आणि पुतेओलीची माती घालून पुन्हा बांधावी. भिंत हलली तर हा लटकेल.

घरी आल्यावर मी म्हटलं, "कर थातूरमातूर आणि ये. पोटात अन्न नाही, कशाला मरतोस?"

एवढं चिडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "थातूरमातूर? त्यांना मजबूत हवीय ना? अशी बांधतो की त्यांचे नातू बघतील. मला दगाबाज म्हणाले, ताई. मला!"

आणि त्याने तशी बांधली. माती चाळून घेतली, विटा भिजवून घेतल्या, प्रत्येक दरज अंगठ्याने दाबली. रानातल्या खाजऱ्या बिछुटीच्या पाल्याचं कढण पिऊन हा माणूस दिवसभर राबायचा. काम संपल्यावर सरदाराने तलवारीच्या मुठीने भिंत ठोकून पाहिली आणि मान डोलावली. कास्तोरियुस पाठ फिरवून निघून गेला. स्तेर्को छाती काढून घरी आला. मला तेव्हाही राग आला होता, पण कशाचा ते नीट उमगलं नव्हतं.

वेढा उठला. गॉथ उत्तरेकडे निघून गेले, त्यांच्यामागे सेनापती आणि तो सरदारही गेला. जाण्याआधी सैनिकांनी बाहेरच्या फुटक्या कमानी विटांनी सांधल्या होत्या. एका सकाळी स्तेर्को धावत आला आणि मला ओढतच वेशीकडे घेऊन गेला. पाटात शिरून त्याने मला भिंतीला कान लावायला लावला.

पलीकडे पाणी होतं.

मी रडले, सरळ सांगते. त्याचे डोळे चमकत होते. "आलंय, ताई! नुसती परवानगी हवी."

परवानगी! भिंत सेनापतीच्या हुकमाची. सेनापतीमागे शहराचा कारभार सिनेटरांकडे, आणि वेशींचं काम कास्तोरियुसकडे. स्तेर्को त्याच्या दारात दिवसेंदिवस उभा राहिला. शेवटी एकदा सिनेटरसाहेब बाहेर आले.

"गॉथ परत आले तर जबाबदार कोण? तू?" तो म्हणाला. "शिवाय एवढी चांगली भिंत! कशाला फोडायची?"

खरी गोष्ट आम्हाला पुढच्या आठवड्यात कळली. भिंतीशी अडलेलं पाणी बाहेरच्या बाजूने वर येऊन सांडत होतं, आणि त्याने चर खणून ते आपल्या बागेत वळवलं होतं. चोरून नळी बसवायचीही गरज उरली नव्हती. माझ्या भावाच्या हातांनी त्याला अख्खा पाट मिळाला होता. बागेत खरबुजं लागली. उरलेलं पाणी खालच्या शेतात साचलं, तिथे दलदल झाली आणि त्या दलदलीतून ताप शहरात आला. हौदात मात्र पालापाचोळा. अशा माणसाला आमचे लोक वाटेत वाकून नमस्कार करत होते!

स्तेर्कोने मग कोणाला विचारलं नाही. रोज सकाळी छिन्नी आणि घण घेऊन पाटात शिरायचा आणि स्वतःच्या भिंतीवर घाव घालायचा. फाशी होईल म्हणून मी विनवलं, तर म्हणाला, "होऊ दे." पण फाशी द्यायलाही कोणी आलं नाही. कास्तोरियुसला ठाऊक होतं, भिंत फुटणार नाही. पलीकडून पाणी मुरत होतं आणि ती दिवसागणिक कडक होत होती. चांगला गवंडी ना माझा भाऊ! खडबडीत चुऱ्याची मूठ घेऊन घरी यायचा. पूर्वी ओंजळभर खपल्या आणायचा, आता ही मूठ. मी ओरडत नसे.

"इतकी चांगली नव्हती बांधायची, ताई," एकदा एवढंच म्हणाला.

दलदलीचा ताप त्यालाही लागला. घण उचलता येईना तेव्हा घरी पडून राहिला, आणि पडल्या पडल्याच गेला. त्याला पुरायला शेजारी तिघे आले. सिनेटरची खरबुजं चांगली पिकली होती त्या वर्षी.

त्यानंतर शहर कितीदा या हातातून त्या हातात गेलं, मोजायचं मी सोडून दिलं. गॉथ आले, ग्रीक आले, पुन्हा गॉथ. कास्तोरियुस कुठे पळाला, कोणास ठाऊक. संगमरवरी पुतळे चुन्याच्या भट्टीत गेले, माझ्या हमामखान्यात शेळ्या बांधतात. पाटाचं छत ढासळून भिंत उघड्यावर आली, पण ती तशीच आहे. एक चीर नाही तिला. मी रोज घागर घेऊन तिच्याजवळून नदीकडे जाते.

परवा तिथे दोन यात्रेकरू उभे होते. आल्प्सपलीकडचे, पायाला धुळीची पुटं. त्यांतला जाणता संन्यासी भिंतीवर हात फिरवत दुसऱ्याला समजावत होता, "बघ, ही प्राचीन रोमनांची कारागिरी. सीझरांच्या काळची असणार. असे हात आता जन्माला येत नाहीत." मग मला म्हणाला, "माई, तुम्ही भाग्यवान. अशा थोर लोकांमध्ये राहता."

"बाबा," मी म्हटलं, "तो प्राचीन माणूस माझा धाकटा भाऊ. त्याचं नाक मी पुसलंय."

संन्यासी गोंधळला. हसावं की माफी मागावी, त्याला कळेना. "मग... हे एवढं भक्कम काम त्याने कशासाठी केलं?"

"कान लावा," मी म्हटलं.

त्याने लावला. पलीकडचं पाणी ऐकून त्याने कान काढला. मग माझ्या रिकाम्या घागरीकडे पाहिलं आणि बाजूला सरकून मला नदीची वाट दिली.