बाबांनी आईला बोटीवर चढू दिलं नाही

आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं, आणि मी अजून त्यांना माफ केलेलं नाही.

कमेंटमध्ये ‘देवमाणूस’ लिहू नका. आमच्या घरात देव नाही, आणि माणूस भयंकर हट्टी होता.

बाबा कोराडीच्या पॉवर हाउसमध्ये कंट्रोल रूमला होते. तिथला एक नियम आमच्या घरात लहानपणापासून पाठ. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन बसल्याशिवाय आपली खुर्ची सोडायची नाही.

तो आला नाही तर सोळा सोळा तास बसायचं. बाबा बसायचे. कॉलनीत त्यांचं कौतुक व्हायचं.

आई डबा घेऊन गेटवर उभी असायची, तिचं कौतुक केलेलं मला आठवत नाही.

आईने समुद्र पाहिला होता चैत्यभूमीला गेली तेव्हा. काठावरून, गर्दीत. एकदा पाण्यात आत जायचं, जिथून जमीन दिसत नाही तिथपर्यंत, एवढंच ती म्हणायची. आयुष्यात तिने दुसरं काही मागितल्याचं मला तरी माहीत नाही.

म्हणून मी क्रूझ बुक केली. मुंबईहून निघायची, तीन रात्री. आई, बाबा, मी. आणि बंगलोरहून दादा, वहिनी, त्यांची पोरगी.

प्लॅनिंग बाबांनी हातात घेतलं. फुलस्केप कागदावर स्केलने रेघा मारल्या. फ्लाइट, हॉटेल, टॅक्सी, रिपोर्टिंग. हॉटेलवाल्याला चार वेळा फोन. बंदर किती लांब? टॅक्सी गेटपर्यंत येते का? लिफ्ट आहे का? चौथ्या वेळी त्या माणसाने बाबांचा आवाजच ओळखला.

एका गोष्टीवर ते अडून बसले. सगळ्यांनी एक दिवस आधी मुंबईत पोचायचं. हॉटेलात झोपायचं. सकाळी आरामात बंदरावर.

दादा फोनवर हसला. म्हणाला, एवढी सुट्टी मिळत नाही, मी त्याच दिवशी सकाळच्या फ्लाइटने येतो, आरामसे पोचतो.

इथे बाबा शंभर टक्के बरोबर होते. हे मी लिहून देते.

आम्ही तिघं आदल्या दिवशी गेलो. सगळं कागदावर होतं तसं झालं. आईने सीताबर्डीवरून घेतलेले पांढरे शूज हॉटेलच्या खोलीतच घालून पाहिले, दोन फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी बंगलोरला धुकं. दादाची फ्लाइट उशिरा, मग अजून उशिरा. बोटीचं चेक-इन चारला बंद होणार होतं. साडेतीनला तो मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला होता.

काउंटरवरची मुलगी दोनदा येऊन सांगून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा आई उठली.

“मी न् पोरगी पुढं होतो,” माझ्याकडे बोट दाखवत ती बाबांना म्हणाली. “तुम्ही पोराले घेऊन या. नाही जमलं तर नाही.”

“बस,” बाबा म्हणाले. “पोरगा आल्याशिवाय कोणी हलत नाही.”

आणि आई बसली.

मी उठायला पाहिजे होतं. आईचा हात धरून चालू लागायला पाहिजे होतं. मी दादाचं लोकेशन पाहत बसली. तो निळा ठिपका एका पुलावर थांबला होता, आणि मला वाटून राहिलं होतं की अजून होईल.

चार वाजले. काउंटर बंद झालं.

दादा आला पाच वाजून दहा मिनिटांनी, बॅग ओढत. काय म्हणाला माहीत आहे?

“अरे, तुम्ही काहून थांबले? चालले जायचं ना!”

मी त्याला तिथेच मारलं असतं.

सॉरी कोणी म्हणालं नाही. दादा विमान कंपनीला शिव्या देत होता. बाबा तो रेघांचा कागद घडी करून खिशात ठेवत होते. आईने शूज काढले, बॅगेतून चपला काढून घातल्या.

नागपूरला आल्यावर मी बाबांना विचारलं, तिला का अडवलं?

“मागचा माणूस आला नाही तर आपण निघत नाही. मले हेच येते.”

“आई काय तुमची मशीन आहे का?”

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलले, पण या विषयावर कधीच नाही. मग हॉस्पिटल, रामदासपेठ, चार दिवस, संपलं. आईला एकदा तरी ‘चुकलं’ म्हणून गेले असते तर मी आज हे लिहिलं नसतं.

आज माझ्या मनीषनगरच्या घरी सकाळी अकराला बाबांसाठी बुद्धवंदना ठेवली होती. दादाला पंधरा दिवसांपूर्वी सांगितलं, एक दिवस आधी ये. तो म्हणाला, सकाळची फ्लाइट आहे, आरामसे पोचतो.

होय. तेच वाक्य.

पावणेअकराला त्याचा फोन. फ्लाइट लेट आहे, दीड तास, थोडं थांबा ना.

भन्तेजी बसलेले. शेजारीपाजारी बसलेले. फोन स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकलं, आणि सगळे आईकडे पाहायला लागले. आई बाबांच्या फोटोकडे बघत होती.

मग तिने माचिस घेतली, मेणबत्ती लावली.

“सुरू करा भन्तेजी,” ती म्हणाली. “एकदा थांबली मी त्याच्यासाठी.”

वंदना झाली. लोक जेवून गेले. दादा अजून एअरपोर्टहून येणाऱ्या टॅक्सीतच आहे.

बाबा, आम्ही तुमचा नियम मोडला. आईने मोडला, तुमच्या फोटोसमोर.

आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघी बोटीवर जातोय. फक्त दोघी. मुंबईला एक दिवस आधी पोचतो, तुम्ही शोधलेल्या त्याच हॉटेलात. तेवढं तुमचं ऐकलं.

अभिवादन बाबा. रागासकट.