समुद्रसाप आणि दुधाचं पातेलं

नितीनचा फोन आला तेव्हा मी पमाच्याच वाटणीचं दूध हुंगत होते. ती हॉस्पिटलात, तरी तिच्या दूधवाल्याला नको म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले... महिना उलटला, आता लिहायला बसलेय. रडगाणं मात्र लिहिणार नाही. जिंकून गेलेल्या बाईवर रडगाणं लिहिलं तर ती वरून मला हाणेल.

प्रमिला, म्हणजे आमची पमा, मुलुंडला माझ्या समोरच्या दारात राहायची. मूळची देवगडकडची, शाळेत जीवशास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळ धरतात, हिनं पीएचडी धरली, तीही समुद्रसापांच्या नाकावर! रीतसर परवानगी काढून मढच्या कोळीवाड्यात जायची आणि कोळ्यांच्या जाळ्यात मेलेले साप बाटल्यांत भरून प्रयोगशाळेत न्यायची. मी नाक मुरडलं की सुरू व्हायची, "अगं, यांचे पूर्वज जमिनीवरचे. पाण्यात शिरले, नाकपुड्या मिटून घ्यायला लागल्या, आणि वास ओळखणारी जनुकं पिढ्यान्‌पिढ्या निकामी होत गेली. जे साप अंडी घालायला अजून किनाऱ्यावर येतात, त्यांची बरीच शाबूत आहेत. जे पाण्यातच पिलं देतात, त्यांची पार वाट लागली." "मग बिचारे भक्ष्य शोधतात कसं?" "बिचारे कसले? जीभ आहे ना! जीभ पाण्यात बाहेर काढायची, आत घेऊन टाळूतल्या इंद्रियाला लावायची, की लागला माग."

आणि मग एका साथीच्या तापात पमाचंच नाक गेलं. कायमचं. काय थट्टा म्हणायची ही! एकदा गॅस नुसताच चालू राहिला, बाईसाहेब शेजारच्या खोलीत वाचत बसलेल्या, आणि वास आला मला, माझ्या घरात. धावत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि तिला अशा शिव्या घातल्या... नितीन, तिचा मुलगा, त्याच संध्याकाळी बोरिवलीहून आला. "आई, बस झालं. हा फ्लॅट विकू, तू माझ्याकडे चल." पोरगा वाईट नाही, घाबरला होता. पण त्याच्या दोन खोल्यांत, नातवंडांच्या दंग्यात थीसिस बुडालाच असता, आणि त्याच्याबरोबर पमाही. ती म्हणाली, "डिग्री होईपर्यंत थांब. मग तू म्हणशील तसं." सिलिंडर परत केला, इंडक्शन आणलं. दुधासाठी मी होतेच. रोज सकाळी बेल वाजायची, दारात पातेलं घेऊन पमा. "शोभा, नाक दे गो!" मी हुंगून "चांगलंय" म्हणायची, मग तिच्याकडे चहा. माझे हे त्याच वर्षी गेले होते. दिवसभरातलं माझं बोलणं तेवढंच असायचं.

तोंडी परीक्षेला आमची अख्खी सोसायटी मागच्या बाकांवर. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "मॅडम, म्हणजे या प्राण्यांची अधोगतीच झाली की!" माझं डोकं असं सटकलं, नितीननं हात धरला म्हणून खाली बसले. पमा ताठ उभी. "सर, माझं स्वतःचं नाक गेलंय. मी एकटी राहते, रांधते, आणि हे काम केलंय. सापाला पाण्यात त्या वासांचा उपयोगच राहिला नाही, म्हणून ती जनुकं मोडली तरी त्याचं काही अडलं नाही. त्याच समुद्रात कासवानं आपली वासाची जनुकं जपली, कारण त्याला ती लागतात. हरलं कुणीच नाही." आणि इथे तिची मालवणी सुटली, "होया ता ठेवल्यान, नको ता सोडल्यान, नि समुद्र आपलो केल्यान!" परीक्षकच हसून टाळ्या वाजवायला लागले. मी मागून "झकास!" ओरडले, आणि आमच्या सेक्रेटरींनी चक्क शिट्टी मारली. बाहेर आल्यावर नितीन तिच्या पाया पडला. "डॉक्टर, तुम्ही मुलुंडलाच राहा," म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. राहिली की मग, शेवटपर्यंत, राणीसारखी!

परवा नितीन घर आवरायला आला. चहा टाकताना मी सवयीनं पातेलं नाकाशी नेलं आणि म्हटलं, "आता कोण मागणार रे माझं नाक?" तो हसला. "मावशी, आईला ते कधी लागलंच नाही. दुधाचा थेंब जिभेवर टाकायची, आंबट असलं तर लगेच कळायचं. सापांकडून शिकले, म्हणायची."

"मग रोज सकाळी माझी बेल कशाला बडवायची?"

"काका गेल्यावर तुम्ही दार उघडत नव्हता ना... म्हणून."

लबाड बाई! इतकी वर्षं मला बनवलं! मी आधी पोटभर हसले, आणि मग, लिहिणार नाही म्हटलं होतं तरी लिहिते, पोटभर रडले.

वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई यजमान गेल्यापासून खाली उतरलेल्या नाहीत. आज सकाळी पातेलं घेऊन मी जिना चढले आणि त्यांची बेल दाबली. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं.

"जरा नाक द्या हो," मी पातेलं पुढे केलं. "मला हल्ली दुधातलं काही कळत नाही."