दहातले आपले दोन

अहमदपूरच्या बसस्टँडमागं सोमेशचं लग्नाच्या व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. दुकान त्याचं, बाकी बरंचसं लोकांचं. गाडी मेव्हण्याची, ड्रोन मित्राचा, लग्नात मिरवायचा कोट साडूचा. उसनं आणण्यात कमीपणा नसतो, असं त्याचं पक्कं मत. कमीपणा असतो तो सांगण्यात.

म्हणून कॉम्प्युटरनं 'एकूण ग्राफिक्स मेमरी दहा जीबी' असं दाखवताच त्यानं ते दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं. दुरुस्तीवाल्या अमरेशनं समजावून पाहिलं. सोमेशची धाकटी बहीण आरती तिथंच बसून ऐकत होती.

"सोमेशभाऊ, ग्राफिक्स कार्डाचे सोताचे दोनच जीबी हायत. बाकीचे आठ कॉम्प्युटरच्या रॅमकडून उसने. दोन भरले की कार्ड रॅमच्या दारात जातं. तिथून आणस्तोवर चित्र अडखळतं. अन् रॅमलाच काम असलं, तर दोघंबी बसले बोंबलत!"

"पण दहा दाखवतंय नं?" सोमेश म्हणाला. विषय संपला.

पुढं आरतीचं लग्न ठरलं. शिरूर अनंतपाळची सासरची मंडळी नाकं मुरडण्यात पटाईत. सोमेशनं त्यांना छातीठोक सांगितलं, "पंगत उठायच्या आत सगळं लग्न पडद्यावर. तेबी फोर-केमध्ये!" फजिती भावाची झाली, तरी टोमणे जन्मभर आरतीलाच ऐकावे लागणार होते.

लग्नाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. पक्की फिल्म बनवायला वेळ कुठला? सोमेशनं कच्चं मिक्सिंगच थेट पडद्यावर लावलं, वर पत्त्यांतल्यासारखे लाल उडते बदाम सोडले. नवऱ्याला हार घालता घालता आरती पडद्यावर थिजली. हार अधांतरी, डोळे अर्धे मिटलेले, भोवती बदाम लटकलेले.

"सूनबाईचा इचार बदलला का काय?" चुलतसासरे शंकरप्पा म्हणाले. सगळा मांडव खिदळला.

आरती शालू सावरत भावापाशी आली. "दादा, दोनात बसंल तेवढंच दाखव की रे."

सोमेशनं बदाम काढले, फोर-केचा नाद सोडला, चित्र लहान केलं. जरा धूसर दिसलं, पण हार एकदाचा गळ्यात पडला. पडद्यावर आरतीच्या मागं त्यांची आई डोळे पुसताना दिसली. सासूबाईंनीही पदर डोळ्यांना लावला, आणि सोमेशला भडभडून आलं.

"झकास!" शंकरप्पा जवळ येऊन म्हणाले. "किती जीबीचं मशीन म्हणायचं हे?"

सोमेशनं बहिणीकडं पाहिलं. "दोन."

"अन् कोट? लई भारी हाय."

"साडूचा," असं म्हणून त्यानं तो काढून खुर्चीवर टाकला. तसाही काखेत काचतच होता.