चौथ्या दिवसाचा मुक्काम

माझ्या आत्याला तिच्या ऑफिसात सगळे खोडरबर बाई म्हणायचे. तिच्या टेबलावर कायम तीन खोडरबर असत, त्यातला एक इतका झिजलेला की चिमटीत धरायलाही कसरत करावी लागे. शिडाच्या होड्या भाड्यानं देणाऱ्या त्या ऑफिसात ती बावीस वर्षं लोकांच्या सहली आखत होती. गिऱ्हाईक सात दिवसांसाठी होडी घ्यायचं, होडीबरोबर कप्तान यायचा, आणि रोज कुठून निघायचं, दुपारी कुठं थांबायचं, संध्याकाळी नांगर कुठं टाकायचा हे आत्या ठरवून द्यायची. प्रत्येक दिवसाचं एक पान, सगळं पेन्सिलीनं. वारा फिरला, गिऱ्हाइकाचं मन फिरलं, की खोडायचं आणि पुन्हा लिहायचं. लिहिताना मात्र ती पेन्सिल अशी दाबायची की कागदाच्या मागच्या बाजूला हात फिरवला तर अक्षरं बोटांना लागायची.

किनाऱ्यासमोर साठेक बेटं आहेत. कुठल्या बेटाच्या कुठल्या अंगाला वारा लागत नाही, कुठं तळाला वाळू आणि कुठं खडक, हे तिला तोंडपाठ होतं. परत आलेल्या प्रत्येक कप्तानाला ती चहा पाजायची आणि खोदून खोदून विचारायची. एका गिऱ्हाइकानं नकाशावर बोट ठेवून विचारलं होतं, हे बेट जरा अलीकडे घेता येईल का. आत्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाली होती, या आठवड्यात नाही.

यातलं एकही बेट तिनं स्वतः पाहिलेलं नव्हतं. सीझनमध्ये होड्या रिकाम्या नसत, आणि सीझन संपला की घरी अंथरुणावर आजी असायची. आजी गेली तोवर आत्याची पन्नाशी उलटली होती. ऑफिस धक्क्याला लागून होतं, पण तिच्या टेबलाजवळच्या खिडकीतून दिसायची शेजारच्या गोदामाची भिंत आणि तिच्यावर वाळत टाकलेली शिडं.

तिची आखायची पद्धत उलटी होती. ती सातव्या दिवसापासून सुरुवात करायची. लोक पहिल्या दोन दिवसांत रेंगाळतात आणि शेवटी बंदर गाठायला धापा टाकत येतात, असं तिचं म्हणणं. म्हणून आधी परत कसं यायचं ते ठरवायचं. मग पहिला दिवस, मग सहावा, मग दुसरा, असं दोन्ही टोकांकडून येत येत ती शेवटी चौथ्या दिवसावर पोचायची. तो दिवस घरापासून सगळ्यात लांबचा. तिथं आली की पेन्सिल खाली ठेवून विचारायची, आता सांगा, तुम्हाला खरं काय हवंय?

बाबा तिचा धाकटा भाऊ. स्वतः पन्नाशीला टेकले तरी ती त्यांना छोट्याच म्हणायची. नववीत असताना या छोट्यानं तिला सांगितलं होतं की मी कमवायला लागलो की तुला होडीतून फिरवीन. आत्यानं ते मनावर घेतलं नव्हतं, पण विसरलीही नव्हती. गेल्या वर्षी बाबांनी खरंच तिच्याच ऑफिसातून सहा जणांची होडी ठरवली, तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून नुसती हसत राहिली. बाबा, आई, मी, माझी धाकटी बहीण आणि आत्या. सहावा कप्तान. कप्तान होडीतच झोपतो, म्हणून त्याची जागा आधी धरायची, हे तिनं बाबांना निदान तीनदा सांगितलं.

आमचा आराखडा तिनं आमच्याच जेवणाच्या टेबलावर चार रविवार बसून केला. चौथ्या दिवसाशी आली तेव्हा कुणालाच काही विचारलं नाही. एका म्हाताऱ्या कप्तानानं निवृत्त होताना तिला एक जागा सांगितली होती. बाहेरून एकच वाटतं असं एक बेट आहे, पण जवळ गेलं की कळतं ती दोन आहेत, आणि मधल्या फटीतून आत होडी जाते. आत पाणी इतकं स्वच्छ की टाकलेला नांगर तळाशी दिसतो. तो तिला खिडकी म्हणायचा. आत्यानं ती खिडकी इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला दिली नव्हती. आमच्या चौथ्या पानावर तिनं ती लिहिली, आणि लिहून झाल्यावर पान थोडा वेळ हातानं झाकून ठेवलं.

मग बाबांचे साहेब आले. म्हणजे घरी नाही, बाबांच्या बोलण्यात. शाखा कुणाच्या हाती द्यायची हे ते त्या महिन्यात ठरवणार होते. जेवणाच्या सुट्टीत होडीचा विषय निघाला, साहेब म्हणाले मला कधी जमलं नाही बुवा, आणि बाबा बोलून गेले, मग चला की आमच्याबरोबर. होडी सहा जणांची, आपण पाच, हा हिशेब त्यांनी डोक्यात केला होता. कप्तान विसरले. तीनदा सांगूनही विसरले.

चूक इथपर्यंतच होती. पुढचं चूक नव्हतं.

होडीच्या मालकांचा मेल आला की कप्तान सोडून पाच नावं कळवा. घरातली कॉम्प्युटरची कामं माझ्याकडे असतात. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहिले आणि आमची चार नावं सांगून झाल्यावर त्यांनी साहेबांचं नाव सांगितलं. माझी बोटं थांबली.

"आणि आत्या?"

"ताईला मी सांगतो. ती रोज समुद्रच बघते, तिला काय त्याचं."

मी ऑफिसात तिच्या टेबलाजवळच्या खिडकीपाशी बसून कितीदा तरी वडापाव खाल्ला होता. तिथून काय दिसतं ते मला माहीत होतं. तरी मी साहेबांचं नाव टाईप केलं आणि मेल पाठवला.

बाबांना वाटलं मेल मालकांना गेला. पण मालक स्वतः काहीच लिहीत नाहीत. होडीवरच्या माणसांची यादी बंदराच्या कार्यालयात द्यावी लागते, तीन प्रतींत, आणि हातानं, शाईनं भरून. आत्या पेन हातात घ्यायची ती एवढ्या एकाच कामासाठी. मालकांनी मेल छापून तिच्या टेबलावर ठेवला, आणि शुक्रवारी दुपारी तिनं आमची नावं तीनदा लिहिली.

हे आम्हाला माहीत नव्हतं. रविवारी ती नेहमीसारखी जेवायला आली. आईनं वाढलं, बहिणीनं तिच्या शेजारची खुर्ची पटकावली. आत्या पानावर बसल्या बसल्या म्हणाली की चाकांची कडक बॅग होडीत ठेवता येत नाही, सगळ्यांनी कापडी घ्या. मग बाबांकडे बघून म्हणाली, "छोट्या, माझी बॅग लहानच घेऊ ना?"

बाबांनी पाण्याचा पेला उचलला. "हो, लहानच घे."

"बरं," आत्या म्हणाली, आणि भात मागून घेतला.

मी ताटाकडे बघत जेवत होतो. आईला तोवर कळलेलं होतं, तिनं उगाच उठून गॅस बंद आहे ना ते पाहिलं. चौघांपैकी फक्त माझ्या बहिणीला काही माहीत नव्हतं. तिनं आत्याला विचारलं की होडीत तू वरच्या बिछान्यावर झोपशील की खालच्या. आत्या म्हणाली, तू सांगशील तिथं.

निघायच्या आदल्या दिवशी बाबांनी तिला फोन केला. जागेचा जरा घोळ झालाय, साहेबांना नाही म्हणता येईना, पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ, असं बरंच काही बोलले. समोरून "कळलं" एवढंच आलं असावं, कारण बाबा फोन ठेवून म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? ती समजून घेते." आणि मग बराच वेळ टीव्हीचे चॅनल बदलत बसले.

आराखड्याची सात पानं तिच्या ऑफिसातच होती. सकाळी मी आणि बाबा ती घ्यायला गेलो. साहेब बाहेर धक्क्यावर फोटो काढत होते. आत्या नेहमीच्या निळ्या स्वेटरमध्ये टेबलामागे बसली होती. यादीची एक प्रत, बंदराचा शिक्का मारलेली, पेपरवेटखाली होती. वर तिच्या अक्षरात तारीख होती. मी मनात वार मोजला. शुक्रवार. म्हणजे रविवारी बॅगेचं विचारलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं, आणि तिनं बाबांना खरं बोलायला एक जागा करून दिली होती.

बाबांनाही ती तारीख दिसली असावी. ते म्हणाले, "ताई, अगं..."

आत्यानं गिऱ्हाइकाला समजावते तशी एकेक पान पुढं सरकवून सगळं समजावलं. सातवा दिवस, पहिला, सहावा, दुसरा, पाचवा, तिसरा. चौथं पान तिनं स्वतःकडे वळवून घेतलं. तो झिजलेला खोडरबर चिमटीत धरला आणि त्या पानावरचा मजकूर ओळीनं खोडून काढला. घाई केली नाही. चुरा फुंकरीनं उडवला, आणि तिथं एका मोठ्या बंदराचं नाव लिहिलं, जिथं सगळ्याच होड्या जातात.

"इथं सोय चांगली आहे," ती म्हणाली. "पाणी आहे, हॉटेल आहे. साहेबांना आवडेल."

बाबांनी पानं उचलली. आधी तिथं काय होतं हे त्यांनी विचारलं नाही.

पहिले तीन दिवस तिनं लिहिलं होतं तसंच सगळं झालं. वारा तिनं सांगितलेल्या बाजूनं आला, तळाला तिनं सांगितलेली वाळू निघाली. साहेब खूश होते, बाबांच्या पाठीवर थाप मारत होते. चौथ्या दिवशी सकाळी आमच्या तरुण कप्तानानं पान हातात घेतलं, उजेडाकडे तिरकं धरलं आणि म्हणाला की बाईंनी इथं आधी वेगळीच जागा दिली होती, उठलेलं दिसतंय. साहेबांचे कान टवकारले. लपवलेली जागा म्हणजे भारी असणार, असं म्हणत त्यांनी पान घेतलं, पण चष्मा खाली केबिनमध्ये होता. त्यांनी ते बाबांना दिलं. बाबांनी त्याकडे न बघता माझ्याकडे दिलं.

"तुझे डोळे चांगले आहेत. काय लिहिलंय बघ."

मी पान तिरकं केलं. अक्षरं कागदात रुतलेली होती, पुसट पण पुरती. वर खिडकी असा शब्द. खाली दोन बेटांची नावं, आत शिरायची दिशा, पाण्याची खोली, भरतीची वेळ. कप्तानाला एवढं पुरलं असतं, तासाभरात पोचलो असतो. आणि सगळ्यात खाली, आराखड्यात कधी कुणी लिहीत नाही अशी एक ओळ होती. आत शिरताना मी पुढं बसणार.

होडी हलत होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

"काही वाचता येत नाही," मी म्हणालो. "नीट खोडलंय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली. मी पानाची घडी घालून खिशात ठेवली. कप्तानानं खांदे उडवले आणि सुकाणू मोठ्या बंदराकडे वळवलं.

सोय खरंच चांगली होती. पाणी होतं, हॉटेल होतं. साहेबांना आवडलं.