अण्णांच्या काळजातल्या तंतुकणिका

जळकोटच्या बसस्टँडवर उदगीरची गाडी लागली, तेव्हा आई माझ्या पिशवीत धपाटे कोंबत होती आणि अण्णा माझ्याशी वाद घालत होते. उदगीरहून हैदराबाद, तिथून विमानानं जर्मनी. पेशी कशी मरते याचा अभ्यास करायला मी निघाले होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना माझा विषयच पटत नव्हता.

"जल्मभर पोरांना शिकविलं, तंतुकणिका म्हंजे पेशीचं पॉवरहाऊस. अन् तू म्हणतीस तीच पेशीला मारती?"

"तीच, अण्णा. तिच्या आतल्या आवरणात एक छिद्र उघडतं."

"मंग ते बंद करायचं शिकून ये," ते म्हणाले. तेवढ्यात गाडी हलली. रडायचं राहूनच गेलं.

जर्मनीत माझी लॅब शहराच्या टोकाला होती. तिथं मी उंदरांच्या हृदयातल्या तंतुकणिका वेगळ्या काढायचे. त्यांच्या बाहेरच्या आवरणातल्या वाहिन्यांतून रोजची ये-जा चालते, एखाद्या बाजारपेठेसारखी. आतल्या आवरणातलं ते छिद्र मात्र एरवी बंद असतं. कॅल्शियम फार साठलं की ते उघडतं, पाणी आत शिरतं, तंतुकणिका फुगून फुटते आणि पेशीचा कारभार संपतो. ते छिद्र नक्की कशाचं बनलंय यावर अजून आम्हा संशोधकांत भांडणं आहेत. रविवारी फोनवर मी हे सांगायचे. अण्णा मन लावून ऐकायचे आणि सोमवारी पारावर सांगायचे, "पोरगी मरण थांबवायचं औषध शोधून राहिली." आई मागून विचारायची, "जेवलीस का? थंडी हाय का लई?" दोघांच्या प्रश्नांची उत्तरं देता देता मीटिंगमधल्या इंग्रजीत 'यस'च्या जागी माझं 'हाव' मिसळू लागलं.

एका दुपारी धाकट्या भावाचा, संतोषचा, फोन आला. अण्णांच्या छातीत कळ आली होती. शेजाऱ्यांच्या जीपमधून लातूरला नेलं होतं. "ताई, डॉक्टर म्हणतेत, काळजाची नस तुंबलीय, खोलायची. खोलू देऊ का?"

"लगेच खोलू दे," मी म्हणाले.

फोन ठेवला आणि लॅबच्या जिन्यातच बसले. नस उघडली की रक्त परत येतं, माणूस वाचतो. पण रक्त परत येतं त्याच पहिल्या काही मिनिटांत ती छिद्रं पटापट उघडतात आणि तोवर तग धरलेल्या काही पेशी तेव्हा मरतात. हे मी कितीदा तरी मशीनवर पाहिलं होतं. उंदरात ते छिद्र रोखायला आम्हाला जमायचं. माणसात कुणालाच भरवशानं जमलं नव्हतं. आता उंदराच्या जागी माझे अण्णा होते आणि मी इतक्या लांब होते.

मी लातूरला पोचले, तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. चेहरा लहान झाला होता. मला बघून पहिला प्रश्न: "उघडली का गं तुझी छिद्रं, माझ्यात?"

"काही उघडली असतील, अण्णा."

"मंग त्या पेशी गेल्या?"

"काही गेल्या. पुष्कळ राहिल्या."

त्यांनी छातीवर हात ठेवला. वर्गात हजेरी घेताना गैरहजर पोराच्या नावावर बोट ठेवायचे, तसा.

शेजारच्या खाटेवर किल्लारीचा एक शेतकरी होता. अण्णांनी त्या वॉर्डात माझी काय ख्याती पसरवली होती, ते त्याची बायको जवळ आली तेव्हा कळलं. "बाई, मास्तर म्हनले, तुमच्याकडं औषध हाय. आमच्या मालकाला मिळंल का?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. मला त्यांना मान खाली घालायला लावायचं नव्हतं आणि त्या बाईला फसवायचंही नव्हतं. मी तिचा हात धरला. "मावशी, औषध अजून न्हाई. डॉक्टर देतेत त्या गोळ्या चुकवू नका."

ती हळूच मागे फिरली. मला वाटलं, अण्णा आता खट्टू होणार. पण त्यांनी तिला हाक मारली. "ओ बाई, ऐकलं न्हवं? 'अजून न्हाई' म्हणली ती. 'न्हाई' म्हणली न्हाई."

मी जर्मनीला परत न जाण्याचं ठरवलं होतं. आईनं ते ओळखलं; बोलले मात्र अण्णाच. "हितं बसून माझी नाडी धरून राहणार का? संतोष हाय, तुझी माय हाय. तू जा." मग आवाज उतरला. "पर दर साली येत जा, बाई."

मी गेले आणि दर साली येते. औषध अजून झालेलं नाही. आमच्या लॅबमधले निम्मे प्रयोग फसतात. अण्णांचं हृदय पूर्वीसारखं पंप करत नाही. तरी ते आहेत, आणि पारावर अजून तंतुकणिका शिकवतात.

मागे जळकोटला राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखे उडून गेलेले तुम्ही, सगळेच विचारता, आता घर कोणतं? यंदा आले तेव्हा सकाळी अण्णांबरोबर शेताकडे निघाले. जर्मनीत मी भराभर चालते, तिथं सगळेच चालतात. थोडं अंतर गेल्यावर अण्णा थबकले. "माझ्यापायी हळू चालून राहिलीस का?"

मी पायांकडे पाहिलं. खरंच हळू चालत होते, आणि मला कळलंही नव्हतं.

"न्हाई, अण्णा. मी हितं अशीच चालते."

ते हसले आणि पुढं निघाले. माझ्यासाठी घर म्हणजे तीच वाट, जिथं माझे पाय न सांगता अण्णांच्या चालीनं पडतात.