त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत आलं ते

यांची वाचा गेली आणि माझी देवावरची श्रद्धाही गेली. अर्धांगाच्या झटक्यानंतर हे जव्हारच्या आमच्या भाड्याच्या खोलीत पडून असत. दिवसभर "आ... आ..." करत. मी पाणी द्यायचे, पेज भरवायचे, कूस बदलायचे; हे तोंड फिरवून रडायचे. आमच्या गावच्या, वांगणीच्या घरून आणलेलं मोरपीस भिंतीला लावलं होतं; तोच आमचा हिरवा देव. त्याच्यापुढे रोज मागायचे, यांना काय हवंय तेवढं कळू दे. कळलं नाही. शेवटी मी दिवा लावणं सोडलं.

शेजारी फरीदभाई राहत. ते अफगाणिस्तानात परदेशी सैनिकांचे दुभाषी होते, म्हणून जीव घेऊन पळावं लागलेलं. इथे एका दुकानात पोती उचलत. बायको-मुलगी तिकडेच. एका दुपारी ते दारात आले. "मौसी, मैं पूछूँ?"

"तुम्हाला आमची बोली कुठे येते?"

"अब इनको भी कहाँ आती है?"

किती दिवसांनी हे हसले.

बिगारीला जाऊन यांना हिंदी समजत होती. फरीदभाईंनी यांचा चांगला हात धरला. एकदा दाबलं की हो, दोनदा नाही. मग बराच वेळ ते नुसतं यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले. डोळे सारखे मोरपिसाकडे जात होते. मला ते कधी दिसलं नव्हतं.

"घर जाना है?" हात एकदा दाबला.

"ठीक होने?" दोनदा.

पुढचा प्रश्न त्यांनी हळू विचारला. हात एकदाच दाबला. मग मला म्हणाले, "मरने के लिए, मौसी."

"खोटं सांगता!" मी ओरडले.

ते खाली बघत बोलले. तिकडे एका म्हातारीने सैनिकांना घरात येऊ नका म्हटलं, तो नकार त्यांनी मऊ करून सांगितला होता. सैनिक घरात शिरले, तिचा मुलगा मारला गेला. तेव्हापासून ते कुणाच्या बोलण्यात स्वतःचं काही घालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वांगणीला जीप केली. रस्ता संपला तिथून फरीदभाईंनी यांना पाठीवर घेतलं. चार दिवस हे आपल्या घरात होते. रडले नाहीत. पाचव्या दिवशी गेले.

मागितलं ते देवाने दिलं. मला उत्तर दुसरंच हवं होतं. फरीदभाईंच्या बायको-मुलीचे इकडे यायचे कागद अजून आले नाहीत. त्यांच्यासाठी मी पुन्हा दिवा लावते. उत्तर दे, एवढंच म्हणते. गोड करून दे, असं आता म्हणत नाही.