पासवर्डचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत कॉम्प्युटर असलेली घरं चार, आणि कॉम्प्युटरवर सल्ला देणारे घरटी दोन. संध्याकाळी उन्हं माडांच्या शेंड्यांवर गेली की ही मंडळी माझ्या घरापुढच्या खळ्यात जमत. मी कुणाला बोलावत नसे. पण खळं ऐसपैस, आणि बायको होती तेव्हा चहा मिळायचा, एवढ्यावर त्यांनी ती जागा आपली मानली होती. ती गेली आणि चहा बंद झाला. मंडळी काही बंद झाली नाहीत.

मी सरकारी कचेरीत सारी नोकरी काढलेला माणूस. संगणकाची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालो. तिचं सर्टिफिकेट काच लावून ओटीवर टांगलेलं आहे. तेव्हा या लोकांच्या ज्ञानाबद्दल माझं मत काय असणार ते सांगायला नको. तरी सांगतो, कारण त्यात मला फार सुख आहे.

शेजारचे काका जन्मभर बोटीच्या इंजिनरूममध्ये होते. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या यंत्रांना गंजाचा रोग होतो आणि त्यावर ग्रीस हेच औषध. खाऱ्या वाऱ्याने कॉम्प्युटरच्या भोकांना गंज चढतो हे खरं आहे. आमच्याकडे खिडकीचे गजसुद्धा टिकत नाहीत. पण म्हणून कुणी पेनड्राइव्हच्या भोकात ग्रीस भरतं? काकांनी भरलं. तेव्हापासून त्यांच्या कॉम्प्युटरला माउस लागत नाही, आणि ते सांगत फिरतात की हल्लीचे माउसच वाईट.

दुसरा होमस्टेवाला. समुद्राच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या आणि पर्यटकांच्या तोंडून चार शब्द ऐकले, की झाला अर्ध्या हळकुंडाने पिवळा. त्याच्याकडे सगळ्यावर एकच उत्तर होतं: रॅम वाढवा. प्रिंटरमध्ये कागद अडकला, रॅम वाढवा. नेट गेलं, रॅम वाढवा. पासवर्ड गुप्त कसा ठेवावा यावर तो मला अर्धा तास शिकवायचा, आणि त्याच्या स्वतःच्या वायफायचा पासवर्ड कुंपणावर ऑइलपेंटने लिहिलेला, सुरमई थाळीच्या दराखाली.

तिसरी समोरच्या घरातली वहिनी. कोकम आगळाच्या बाटल्यांवरची लेबलं ती घरच्या कॉम्प्युटरवर छापते, म्हणून ती व्यावसायिक. पावसाळ्यात कीबोर्ड तांदळाच्या डब्यात पुरून ठेवावा, हा तिचा शोध. अमावास्येला पासवर्ड बदलू नये, हा दुसरा. तिच्या कीबोर्डातून अधूनमधून तांदूळ पडायचे आणि ती ते वेचून कोंबड्यांना टाकायची.

पासवर्ड म्हणजे तर या लोकांचा विनोदच होता. ज्याला त्याला ग्रामदेवतेचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. का, तर देव राखता. सगळ्या वाडीच्या कुलपांना एकच किल्ली, आणि ती देवळाच्या कमानीवर कोरलेली. मी हे एकदा बोलून दाखवलं तर होमस्टेवाला म्हणाला, "सायबानू, माझो तसो नाय. मी एक-दोन-तीन-चार ठेवलंय."

अशा लोकांच्या नादाला माझी बायको लागली. शिवणकामाच्या पैशातून तिने कॉम्प्युटर घेतला, मला न विचारता, त्या तिघांना विचारून. काकांनी खोका उचलून आणला, होमस्टेवाल्याने वायरी जोडल्या, वहिनीने कानाला लावायचा माइकवाला हेडफोन निवडून दिला. मोबाइलमध्ये म्हणे पावसाचा आवाज फार येतो. कशासाठी हवं तुला हे सगळं, असं मी विचारलं. पुण्याच्या लेकीला बाळ झालं होतं. त्या बाळासाठी हिला आपल्या आवाजात गोष्टी भरून ठेवायच्या होत्या, तिच्या आईकडून ऐकलेल्या, मालवणीत.

मी म्हणालो, "तुका काय कळता तेच्यातला?"

हे वाक्य मी घरात मिठासारखं वापरत असे. बँकेचा कागद असो, मतदान असो, सुरमईचा ताजेपणा असो. सुरमईतलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळायचं, तरी.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यांनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. होडी पाण्यात लोटताना, नव्या विहिरीला पाणी लागल्यावर आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने हात जोडून सगळी हकीकत मोठ्याने सांगायची आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणायचं. यात देवापासून काही चोरून ठेवायचं नाही, हा नियम. पण यंत्रापुढे नारळ ठेवून उभं राहणं माझ्याच्याने होण्यातलं नव्हतं. काकांनी घसा साफ केला तसा मी काठी घेतली आणि समुद्रावर फिरायला निघून गेलो. परत आलो तेव्हा सगळे खोबरं खात होते. बायको मला बघून हसली. मी तिला विचारलं नाही, काय झालं ते.

ती दीड वर्षं दुपारची आतल्या खोलीत बसून एकटीच बोलत राहिली. मग मार्गशीर्षात आजारी पडली आणि पंधरा दिवसांत गेली.

आता लेक दर रविवारी फोन करायची. "बाबा, आईच्या गोष्टी पाठवता ना? तिने त्या कुणालाच पाठवल्या नव्हत्या. त्या मशीनमध्येच आहेत." मी सांगायचो, मशीन बिघडलंय. मशीन ठणठणीत होतं. मला पासवर्ड माहीत नव्हता. लेकीचं नाव टाकून पाहिलं. कुलदैवत टाकलं, लग्नाची तारीख टाकली, विकलेल्या म्हशीचं नाव टाकलं. ग्रामदेवता एक-दोन-तीन तर पहिल्यांदाच टाकलं होतं, आणि ते लागलं नाही तेव्हा मला बायकोचा अभिमानही वाटला. माझं नाव सगळ्यात शेवटी टाकलं. तेही नव्हतं.

हे मी लेकीला सांगू शकलो नाही. छत्तीस वर्षं एका घरात काढून बायकोच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड माहीत नाही, हे सर्टिफिकेटवाल्या माणसाने कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि खळ्यातल्या त्या तिघांना सांगणं तर शक्यच नव्हतं. त्यांनाही मी तेच सांगितलं. मशीन चालत नाही, स्लो झालंय.

झालं. रोज संध्याकाळी उपचार सुरू. काका ग्रीसची डबी घेऊन आले. मी त्यांना दाराबाहेरच थोपवलं. वहिनी तांदळाचा डबा घेऊन आली. होमस्टेवाला रॅम म्हणाला. मी कुणाला मशीनला हात लावू देत नव्हतो, आणि त्यांचे सल्ले ऐकून मनातल्या मनात त्यांच्या अकलेचे वाभाडे काढत होतो. एका खोट्या दुखण्यावर हे औषधं सुचवतायत हे माझं मलाच ठाऊक होतं, तरी हसू त्यांचंच यायचं. शेवटी एक दिवस होमस्टेवाल्याने परस्पर ठरवून टाकलं. "मालवणातल्या माणसाक सांगलंय. सकाळी येतलो. सगळा पुसून, नवी डिस्क घालून देतलो. तुमच्या घरकारणीची आठवण आसा, ती चालूक व्हयी."

पुसून. म्हणजे तिच्या गोष्टीही जाणार. त्या लेकीला कधी पोचल्याच नव्हत्या हे तिथे एकट्या मला माहीत होतं, आणि नको म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं. मी गप्प राहिलो. रात्रभर गप्प राहिलो, आणि सकाळी तो माणूस मोटरसायकलवरून येऊन पायरीवर बॅग उघडून बसला तेव्हाही गप्पच होतो. या कर्माला काय नाव द्यावं मला माहीत नाही. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला बरोब्बर सुचलं असतं.

काका नारळ घेऊन आले होते. नवी डिस्क म्हणजे नवं काम, गाऱ्हाणं घालायला हवं. या खेपेला समुद्रावर निघून जायला मला वाट नव्हती. काकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या तुझ्या लेकीन कंपूटर आणललो..."

"होय म्हाराजा!"

"ती आज तुझ्या पायाकडे आसा. तिच्या कंपूटराक आज नवी डिस्क घालतोंव..."

"होय म्हाराजा!"

आणि काका थांबले. डोळे उघडून मला म्हणाले, "अरे, पासवर्ड तोच ठेवचो की नवो? तसा सांगाक व्हया."

"तोच म्हणजे?" मी विचारलं.

"तोच. तिचो."

"तो तुमका ठावक आसा?"

वहिनी पुढे आली. "आमका? सगळ्या वाडीक ठावक आसा, भाऊनू. त्या दिवशी गाराण्यात सांगललो. देवाक अर्धा सांगून चलता काय? तुमी तेवा समुद्रार गेललास." मग तिला काहीतरी उमगलं असावं, कारण तिचा आवाज खाली आला. "तुमका ठावक नाय?"

मी नकारार्थी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्या तिघांसमोर मला काहीतरी येत नव्हतं. पायरीवरच्या माणसाने बॅग हळूच बंद केली.

काका नारळाची शेंडी सोलत बसले. होमस्टेवाल्याला पहिल्यांदाच रॅम आठवला नाही. शेवटी वहिनीनेच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"तुका काय कळता. इंग्लिश अक्षरांनी, सगळा जोडून. तीच म्हणाली, ह्या मी रोज आयकतंय, विसरूचंय नाय."

म्हणजे त्या दिवशी सगळ्यांनी यावर देवाला "होय म्हाराजा" म्हटलं होतं. दीड वर्षाहून जास्त काळ रोज माझ्या खळ्यात बसून माझा उर्मटपणा ऐकताना या तिघांना तो शब्द ठाऊक होता, आणि त्यांनी मला त्यावरून एकदाही हिणवलं नव्हतं. मी असतो तर सोडलं असतं का? वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. मी तर ती गायसुद्धा नव्हतो.

आतल्या खोलीत मी खुर्चीवर बसलो. तिघं मागे उभे. मी एका बोटाने अक्षरं दाबायला लागलो तशी काकांनी मान खिडकीकडे फिरवली, होमस्टेवाल्याने छताकडे पाहिलं, वहिनी पदराशी चाळा करत राहिली. कुणी पासवर्ड टाकत असताना बघू नये, हे आमच्या वाडीला कुणी शिकवलं कुणास ठाऊक. जो त्यांना पाठ होता, तोच ते बघत नव्हते.

मशीन चटकन उघडलं. ते कधी स्लो नव्हतंच.

गोष्टी एका फोल्डरात ओळीने लावलेल्या होत्या, बाळाच्या नावाने. मी पहिली लावली. ती जरा खाकरली आणि म्हणाली, "आयक हां बाय माझ्या. एक होतो कोल्हो..." तिचा आवाज इतका जवळून आला की मी खुर्चीचा हात धरला. कोल्हा खाडीवर पोचला, कुर्ली खेकड्याच्या बिळात शेपूट घालणार, एवढ्यात तिच्यामागे दार वाजलं आणि एक पुरुषी आवाज आला. माझा.

"कोणाशी बोलतंस गो एकटीच? बंद कर ता. तुका काय कळता तेच्यातला?"

तिने दार बंद होईपर्यंत वाट पाहिली. मग कोल्ह्याने शेपूट बिळात घातलं.

माझ्या मागे तिघंही उभे होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.